तिसरं सेरीन

साखळी शेवटाकडून विणायला घेतात.
आधी अठ्ठाविसावं आर्जिनिन, मग प्रोलिन,
मग ग्लुटामिन, एकेक, उलट्या पावली,
खसखशीएवढ्या रेझिनच्या मण्यांवर.
टोपी काढायची, दुवा जोडायचा, धुवायचं, पुन्हा धुवायचं.
आता यंत्र आपलं आपण करतं सगळं,
तरी मी रात्री एकदा डोकावून जाते,
दूध उतू जाईल म्हणून डोकवावं तशी.

एकोणनव्वद साली सेगेदला लागले
तेव्हा हातानं हलवायचो.
पिपेरिडिनचा वास केसांत राहायचा.
आई दारातच अडवायची,
एटेल्का, आधी न्हाऊन ये, मग जेव.

अठ्ठावीस दुवे जुळले तरी रेणू मुकाच.
तिसऱ्या सेरीनला शेपूट लागतं आठ कार्बनांचं,
चरबीचं, बोकडासारखा दर्प मारणारं.
ते असलं तर ही भूक.
नसलं तर पांढरी पूड,
दारापर्यंत जाते
आणि कुणाकडे आलो होतो ते विसरते.

आणि तो रिसेप्टर!
पेशीच्या पडद्यात सात टाके घालून शिवलेला,
कुणी कडी वाजवली नाही तरी
आतल्या आत पुटपुटत असतो.
झालान म्हणाला, बाई, मोजणीत गडबड आहे,
रिकाम्या खळग्यातही उजेड येतोय.
म्हटलं, गडबड नाही रे. तो तसाच आहे.
काही माणसं जेवून उठली तरी
स्वयंपाकघराकडे बघत बसतात.

त्याला गप्प करायचं, हे आमचं काम.
दीड वर्षात छत्तीस पेप्टाइडं वाया गेली.
मंगळवारी सदतिसावं घातलं,
एकाच जागी डाव्याऐवजी उजवं अमिनो आम्ल,
आरशात बघून बसवल्यासारखं.
आकडे उतरले. अजून उतरले.
त्या पुटपुटण्याच्याही खाली गेले.
झालान ओरडला. डॉक्टर वाराडींनी
कपाटातून आलुबुखाराची दारू काढली, बीकरमध्ये ओतली.
मी माझी तशीच ठेवली,
मला माकोची बस गाठायची होती.

माकोच्या वृद्धाश्रमात माझ्या आईला
सहा आठवडे झाले, भूक लागत नाही.
तिला तर कुणी सदतिसावं दिलं नव्हतं.
जन्मभर कांद्याच्या वाफ्यांत वाकलेली बाई,
चमचा ओठांशी नेला की मान हलवते, अदबीनं,
बसमध्ये कुणी जागा देऊ केली
आणि आपल्याला पुढच्याच थांब्यावर उतरायचंय, तशी.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये मूळ रेणू आहे, शेपटीसकट.
कुपीवर माझंच अक्षर:
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.
हजारदा लिहिली असेन ही ओळ,
बुधवारी पहिल्यांदा वाचली.
कुपी धरून उभी राहिले, बोटं बधिर होईतो.
रक्तात ते टिकतं जेमतेम दहा मिनिटं,
मग कुणीतरी शेपूट तोडतंच.
ठेवली परत.
वहीत नोंद केली: फ्रीजर उघडला, चार वाजून दहा मिनिटं.
कारणाचा रकाना तसाच सोडला.

जून चाललाय. तिसा नदीवर फुलं उडताहेत.
फुलं म्हणतो आम्ही, असतात किडेच,
तीन वर्षं काठाच्या चिखलात, एक संध्याकाळ हवेत.
पुलावर गर्दी, पोरं खांद्यांवर.
त्यांना खायला तोंडच नसतं म्हणे,
पोटात नुसती हवा.
लहानपणी आईनंच सांगितलं होतं, कठड्याला टेकून,
भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबत.

रविवारी आंबट चेरीचं गार सूप नेलं.
तिनं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
तू जेवलीस?
मी नाही म्हटलं.
तिनं वाटी माझ्याकडे सरकवली आणि
मी संपवेपर्यंत बघत राहिली.
शेवटची चेरी मात्र मागून घेतली.
बी किती तरी वेळ गालात होती.

उद्या सदतिसावं पुन्हा लावायचं.
तीनदा आलं तरच खरं.